आबांनी फोडलेला शब्द

रंगनाथ आबांना एकसष्टाव्या वर्षी अक्षर आलं आणि बासष्टाव्या वर्षी गर्व. अक्षर यायला दोन पावसाळे लागले. गर्वाला एक दुपार पुरली.

करवंदवाडी इगतपुरीच्या अलीकडं, हायवेपासून आत, भाताच्या खाचरांच्या वरच्या अंगाला. घरं चाळीस, शाळा चौथीपर्यंत, पोरं सतरा आणि शिक्षिका एक, तेजश्री मॅडम. त्यांचं घर नाशकात, द्वारकेच्या पलीकडं. रोज दोन गाड्या बदलून यायच्या, हायवेला उतरून अर्धा तास चढ चढायच्या. शाळा सुटल्यावर त्यांनी मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग काढला, तेव्हा अकरा जणांनी नावं दिली. महिनाभरात दोघं उरले. एक आबा आणि दुसऱ्या मंगलाबाई, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या. मंगलाबाई सही शिकल्या आणि थांबल्या. "माझं एवढ्यावर भागतं," म्हणाल्या. आबांचं काही भागेना.

ते दिसेल ते वाचायला लागले. बिस्किटाचा पुडा वाचला, लग्नपत्रिकेतली प्रेषकांची नावं वाचली, एसटीची पाटी गाडी निघून जाईपर्यंत वाचली आणि त्या नादात दोन गाड्या चुकवल्या. खताच्या गोणीवरचं 'हुक वापरू नये' हे तर त्यांनी बैलाला वाचून दाखवलं. बैलानं मान हलवली, त्याचा आबांनी हवा तो अर्थ काढला.

जोडाक्षर किंवा लांब शब्द आला की मात्र घाम फुटायचा. मॅडमनी त्यावर तोड सांगितली होती. "आबा, मोठा शब्द भीती दाखवायला लागला ना, की भाकरीसारखा फोडायचा. एकेक तुकडा चावायचा." आबांनी ते मनावर घेतलं. इतकं घेतलं की पुढचं सगळं त्यातूनच झालं.

शाळेची एक समिती असते, पालकांची. तिचा अध्यक्ष पालकांतूनच निवडतात. आबांचा मुलगा अमोल ओझरच्या कारखान्यात, सूनही तिकडंच कामाला, म्हणून नात आबांकडं राहून तिसरीत शिकत होती. तेव्हा आबाही पालकच. आधीचा अध्यक्ष बोट ठेवाल तिथं सही करायचा. मॅडम बैठकीत म्हणाल्या, "या वेळी आपल्याला वाचून सही करणारा अध्यक्ष हवा." सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. पाहायची गरज नव्हती, आबा आधीच उठून उभे राहिले होते.

हीच ती गर्वाची दुपार.

डिसेंबरात मॅडम पाच दिवस प्रशिक्षणाला नाशकात गेल्या. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या शिक्षण ऑफिसातला कारकून मोटारसायकलवर आला. आबा ओट्यावर बसले होते. समोर चंद्रभागा तिच्या दारात तांदूळ पाखडत होती. आणखी चार-पाच जण भात झोडून उन्हाला टेकले होते. म्हणजे माणसं पुरेशी होती. आबांना माणसं लागत.

"आबा, संमतीपत्र आहे. वाचून घ्या," कारकून म्हणाला.

हे 'वाचून घ्या' कानाला इतकं गोड लागलं की आबांनी चष्मा आधी धोतराला पुसला, मग टोपीला पुसला, मग लावला. मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "आपल्या शाळेचे नजीकच्या शाळेत..." इथवर गाडी उताराला लागल्यासारखी आली. पुढं घाट होता. "स... मा... यो... जन."

समायोजन. असा शब्द आबांच्या बापजन्मात कुणी बोललेला नव्हता. सगळे बघत होते. चंद्रभागेनं सूपसुद्धा थांबवलं होतं. आबांनी मनातल्या मनात भाकरी फोडली. समा, म्हणजे समारंभ. योजन, म्हणजे आयोजन. समारंभाचं आयोजन! ऑफिसवाले घाईची माणसं, दोन शब्दांचा एक करून मोकळे झाले. आणि गावात गॅदरिंगची बोलणी चाललीच होती. आता तर सरकार स्वतःहून म्हणतंय, शेजारच्या शाळेत दोघांचं मिळून करा.

"...करण्यास समितीची हरकत नाही," आबांनी वाक्य दणक्यात संपवलं. "वा! पोरांना न्यायला-आणायला गाडी मिळंल का?"

"वाहतुकीचं विचाराधीन आहे," कारकून म्हणाला.

"आणि जेवणाचं?"

"जेवण तिकडंच मिळेल सगळ्यांना."

"मंग हरकत कसली? धूमधडाक्यात होऊ द्या!"

कारकून जरा गोंधळला. "धूमधडाक्यात?"

"मंग काय, गपचीप करता का असलं काम?" असं म्हणून आबांनी सही ठोकली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, खाली दोन टिंबं.

"बारा गावं फिरलो," कारकून कागद घडी करत म्हणाला, "शिव्या खाल्ल्या. आनंदानं सही देणारे तुम्हीच पहिले." आबांना वाटलं, बाकीच्या गावांना हौसच नाही.

त्याच दिवशी ते घोटीला गेले आणि अर्धा किलो जिलबी आणून ओट्यावर वाटली. पुढचे पंधरा दिवस करवंदवाडीत दुसरं काही चाललं नाही. पोरं नाचाची तालीम करत होती. चंद्रभागेच्या दोन्ही मुली नाचात होत्या, आणि त्यांना लुगडी पाहिजेत म्हणून तिनं लग्नातला शालू कापला. कात्री लावताना रडली, पण कापला. परत आलेल्या मॅडमनाही आबांनी एवढंच सांगितलं की ऑफिसातून गॅदरिंगचा कागद आला होता, सही केली. मॅडम म्हणाल्या, "अरे वा." त्यांनी कागद पाहिला नव्हता. तो ऑफिसात गेला होता.

मग ऑफिसातून दुसरा कागद आला. सोमवार होता, पालक पोरांना सोडायला आले होते. मॅडमनी पाकीट उघडलं, वाचलं आणि भिंतीला हात टेकला.

"आपली शाळा बंद होतेय," त्या म्हणाल्या. "जूनपासून मुलं हायवेपलीकडच्या शाळेत जाणार. समितीच्या संमतीनं." त्यांनी मान वर केली. "आबा, ही सही तुमची?"

सहीची नक्कल जोडलेली होती. दोन टिंबं लांबूनही ओळखू येत होती.

करवंदवाडीच्या कुणाही बाईला हायवे म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पावसाळ्यात घाटमाथ्यावर ढग उतरले की पुढचा माणूस दिसत नाही, आणि त्यातून ट्रक दिवे लावून नुसते धडधडत येतात. तिथून सहा-सहा वर्षांची पोरं पलीकडं जाणार.

आबांना त्या क्षणी समायोजन या शब्दाचा अर्थ कळला. शाळा मोडून दुसऱ्या शाळेत मिसळायची. खरं बोलायचं तर एका वाक्यात बोलता आलं असतं, 'मला तो शब्द आला नाही.' मोजून नऊ अक्षरं. पण ती काही तोंडातून बाहेर पडेनात.

"ते... वरूनच तसं व्हतं," आबा म्हणाले. "काही गोष्टी असत्यात. तुम्हाला नाय कळायच्या."

ही थाप त्यांनी मारली आणि गंमत अशी की ती चालली. दोन दिवसांत वाडीत बोलणं सुरू झालं, आबा आतल्या गाठीचे, आबांची वर वळख हाय, आबांना काहीतरी कबूल झालंय. आबांनी हे ऐकलं तेव्हा त्यांना वाईट वाटायला पाहिजे होतं. तेवढं वाटलंही. पण त्याखाली, गुळाखालच्या मुंगीसारखी, एक गुदगुली होती. जन्मभर ज्याला लोकांनी भोळा म्हटलं, त्याला आज कुणीतरी लबाड म्हणत होतं. लबाडाला निदान डोकं तरी असतं. आबा चार दिवस मान ताठ करून चालले.

पाचव्या दिवशी बोलणं वळलं. म्हातारा एवढा कुठला हुशार? हे मॅडमचंच काम. तिला नाशकात बदली पाहिजे, शाळा बंद झाली की मिळतेच. स्वतः पाच दिवस लांब राहिली आणि म्हाताऱ्याकडनं सही घेतली. मंगलाबाईंनी मॅडमशी बोलणं टाकलं. त्या खिचडीचं ताट त्यांच्यासमोर आपटून ठेवायला लागल्या. सतरातली नऊ पोरं शाळेत यायची थांबली. आबा हे सगळं ओट्यावरून पाहत होते. त्यांना एक शब्द बोलून ते थांबवता आलं असतं. त्यांनी तंबाखू मळली.

मॅडमनी मात्र हातपाय गाळले नाहीत. ऑफिसात जाऊन आल्या आणि आबांना म्हणाल्या, "एक मार्ग आहे. समितीचा नवा ठराव. आधीची संमती मागे घेतो म्हणून. पण ज्यांची पोरं शाळेत आहेत त्या अकराच्या अकरा घरांच्या सह्या पाहिजेत, शनिवारच्या आत. मी मागितल्या तर कुणी देणार नाही. तुम्ही अध्यक्ष आहात. तुम्ही जा."

आबा कागद घेऊन निघाले. पहिल्या घरात पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्या घरातला माणूस दिसत असताना बायको म्हणाली, "घरी नायत." तिसरं घर चंद्रभागेचं.

"चंद्रभागा, पोरी, शाळा वाचवायचा कागद हाय."

"मागचा कशाचा व्हता?"

आबा कागदाची घडी उलगडायला लागले.

"जिलबीचा," चंद्रभागाच म्हणाली. "आबा, तुमच्या कागदावर आता मी माझ्या कोंबडीचा पायबी उठू देणार नाय. आधी माझा शालू सांधून आणा."

अकरापैकी दहा घरं झाली, सही एकही नाही. अकरावं घर स्वतःचं होतं, पण अध्यक्षाची सही वेगळी, घरची लंकाबाईची लागणार होती. लंकाबाई चुलीपुढं तांदळाची भाकरी थापत होती. आबांनी शाईची डबी पुढं केली.

"माझाबी अंगठा मिळणार नाय," लंकाबाई म्हणाली.

"अगं, तू माझी बायको हायेस!"

"म्हणून तर मला माहीत हाय." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "तुम्हाला तो शबुद कळला नव्हता ना?"

आबा खाली बसले. "तुला कसं कळलं?"

"शाळा मोडायची म्हणून कुणी जिलबी वाटतं का? तुम्ही लबाड असता तर मला चाळीस वर्सांत कधीतरी उपेग झाला असता." तिनं भाकरी उलटली. "लोकं तुम्हाला चोर म्हणत्यात, तुम्ही मिशीत हसता. त्या पोरीला चोर म्हणाया लागले, तरी गप. अडाणी म्हणवून घ्यायची येवढी लाज? साठ वर्सं तर व्हता की. काय अंगाला भोकं पडली व्हती?"

आबा त्या दिवशी भाकरी खाऊन उठले, पण भाकरीकडं त्यांना बघवेना.

शनिवारी सकाळची शाळा. आठ पोरं आली होती. कुणी पालक बोलावून येणार नव्हता, म्हणून आबांनी सरळ हातोडी घेतली आणि घंटा बडवायला सुरुवात केली. सारखी, न थांबता. पाच मिनिटांत सगळी वाडी धावत आली. कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या हातात पाण्याची बादली.

"काय झालं? साप निघाला का?"

"निघाला," आबा म्हणाले. "बसा."

मॅडम दारात उभ्या राहिल्या. त्यांनाही ठाऊक नव्हतं काय चाललंय. आबांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं. वेळ लागला. समायोजन. 'य'चं पोट जरा मोठं आलं.

"ह्यो तो शबुद," आबा लोकांकडं पाठ करूनच म्हणाले. "त्या दिवशी कागदात ह्यो आला. मला आला नाय. मॅडमनी सांगितलं व्हतं, फोडून वाचायचा. मी फोडला. समा म्हंजे समारंभ, योजन म्हंजे आयोजन. मला वाटलं, गॅदरिंग. म्हणून म्हणालो, धूमधडाक्यात करा." ते वळले. "मला कुणी काय कबूल केलं नाय. वर माझी कुणाशी वळख नाय. माझी वळख त्या बैलाशी. आणि मॅडमला यातलं काडीचं ठाऊक नव्हतं. तुम्ही तिला बोलत व्हता, मी ऐकत व्हतो."

कुणी हसलं नाही. आबांना वाटलं होतं, हसतील. हसले असते तर बरं झालं असतं.

चंद्रभागा उठली. "म्हंजे आमची शाळा तुम्ही अडाणीपणापायी घालवली."

"व्हय."

"आणि नाव मॅडमवर जाऊ दिलं."

"व्हय."

"एक फोन करायचा होता मला, आबा," मॅडम हळूच म्हणाल्या.

"केला असता. पण मंग मला येत नाय हे तुम्हाला कळलं असतं."

"मला तरी कुठं सगळं येतं? ऑफिसची पत्रं मी दोनदा वाचते. तिसऱ्यांदा केंद्रप्रमुखांना विचारते. चूक माझीही आहे. तुम्ही सही केली म्हणालात आणि मी कागद मागितला नाही. गॅदरिंग म्हटल्यावर मीही हुरळले."

मंगलाबाई मागं भिंतीशी बसल्या होत्या. त्या उठल्या, आत गेल्या आणि मॅडमसाठी चहा घेऊन आल्या. या वेळी कप आपटला नाही.

आबांनी नवा ठराव काढला. "आता ह्यो वाचतो. पटला तर सही करा. नायतर मी राजीनामा लिहून आणलाय. तो छोटा हाय, न चुकता लिहिलाय."

"वाचा," चंद्रभागा म्हणाली. "पण एकेक शबुद. आमच्या डोक्यात गेल्याबिगर पुढं जायचं नाय."

आबा वाचू लागले.

"ठराव म्हंजे?" चंद्रभागेनं अडवलं.

"ठरवलं ते."

"बरं. पुढं."

"सदर शाळेची..."

"सदर म्हंजे?" हे कोपऱ्यातनं आलं, एका बाप्यानं विचारलं, जो चौथी शिकलेला म्हणून मिरवायचा.

"हीच. आपली." आता दुसरा हात वर झाला, मग तिसरा. आबांच्या ध्यानात आलं की त्या दिवशी ओट्यापुढं बसलेल्यांतल्या एकालाही समायोजन कळलेलं नव्हतं. सगळ्यांनी मान डोलावली होती. आबा एकटे सही करणारे होते, एवढाच फरक.

नवव्या ओळीवर आबा अडले. "पु... न... र्वि... चार." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "फोडू का?"

"नको!" सगळी वाडी एका सुरात ओरडली. "मॅडमला इचारा!"

आणि मग हसले. आधी पोरं, मग बाया, मग आबा स्वतः. मॅडम हसता हसता म्हणाल्या, "पुन्हा विचार करा, एवढंच आहे ते. फोडला असता तरी चाललं असतं."

एकवीस ओळींना दोन तास लागले. नऊ सह्या झाल्या. लंकाबाईनं अंगठा दिला आणि शाईचं बोट आबांच्या धोतराला पुसलं. सगळ्यात शेवटी चंद्रभागा आली. पेन हातात घेऊन उभी राहिली.

"गॅदरिंग झालंच पाहिजे. माझा शालू फुकट कापला जायचा नाय."

"होईल."

"धूमधडाक्यात?"

आबांनी मान खाली घातली. चंद्रभागेनं सही केली.

सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर, शाळेच्या अंगणात गॅदरिंग झालं. सतराच्या सतरा पोरं होती. शालूची दोन लुगडी सगळ्यात झगझगीत दिसत होती. एक पोरगी पदरात पाय अडकून पडली आणि त्यालाच सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या. नाच संपतो न संपतो तोच मोटारसायकलचा आवाज आला. तोच कारकून. आज सुट्टी, पण इगतपुरीला पाहुण्यांकडं निघालो होतो, वाटेत देऊन जावं म्हटलं, असं म्हणत त्यानं पाकीट पुढं केलं.

आबांनी चष्मा पुसला, एकदाच. उभं राहून मोठ्यानं वाचू लागले. "आपल्या ठरावास अनुसरून... समायोजनाचा निर्णय तूर्तास..." आणि थांबले.

पुढचा शब्द छोटा होता. तीन-चार अक्षरांचा. आबांना त्याचा अंदाज होता. चांगलाच अंदाज होता. पण मागच्या वेळीही तो होताच. त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम," त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "स्थगित म्हंजे काय वो?"

"थांबवलंय," मॅडम म्हणाल्या. "रद्द नाही झालं, आबा. सध्या थांबवलंय. पुढं पुन्हा येऊ शकतं."

"येऊ द्या. आलं तर परत समदे मिळून वाचू." आबांनी कागद मॅडमच्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण चंद्रभागेनं सरकून आबांना सतरंजीवर जागा करून दिली.

कारकुनानं वही काढली. "पोच द्या आबा. इथं सही."

आबांनी पेन घेतलं. मग वही चंद्रभागेकडं सरकवली. तिनं वाकून पाहिलं, मग कारकुनाकडं पाहिलं.

"पोच म्हंजे काय वो साहेब? आणि ह्या वरच्या तीन वळी कशाच्या?"

कारकुनानं एकदा घड्याळ पाहिलं, एकदा आबांकडं. मग चपला काढल्या आणि सतरंजीवर मांडी घातली.